हात पोचेल तितकं

सौदामिनीचा उजवा हात आषाढापासून खांद्याच्या वर जाईना. वेणी घालताना मान खाली वाकवावी लागे, फळीवरचा डबा डाव्या हातानं काढावा लागे. ते सगळं तिनं निभावून नेलं. पण सकाळी आंघोळ करून अंगणात सूर्यनारायणाला अर्घ्य द्यायला तांब्या कपाळाच्या वर न्यावा, तर हात अर्ध्यावरच अडे आणि पाणी तिच्याच पायांवर सांडे.

हा नेम तिच्या वडिलांचा. नाना निलंग्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर. आधी अर्घ्य, मग चहा, हा त्यांचा शिरस्ता. भूकंपाच्या पहाटे नाना गेले, घरही गेलं. गाव पुढं नव्या जागी वसलं, एकसारख्या घरांच्या सरळ ओळींत. तिथं तिला आपलं अंगण कुठं शोधावं तेच कळेना. मग ती जायचीच थांबली. लातूरला सासरी, सकाळची ती पाण्याची धार, एवढंच माहेर तिला उरलं होतं.

"गार पाण्यानं आखडलाय हात," साखराबाई म्हणाल्या. त्या तिच्या सासूबाई. "सोड चार महिने. तू पाणी दिलं न्हाई म्हनून त्यो काय उगवायचा ऱ्हातोय?"

तिला हसू आलं. तरी दुखणं इतकं वाढलं, की श्रावणात, सगळं जग नेम धरतं तेव्हा, तिनं आपला सोडला. घरातूनच हात जोडायची आणि आवरायला लागायची. माहेरच्या दारावरून रोज आत न जाता पुढं निघून जावं, तसं वाटायचं. हात मात्र सुधारला नाही. उलट रात्री कुशीवर वळवेना.

ती एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. लातूरला तेव्हा क्लासला पूर आलेला. उदगीर, देगलूर, माहूरची पोरं डॉक्टर व्हायचंय म्हणून खोल्या करून राहायची. एक बॅच सुटली की दुसरी दारात उभी.

दसऱ्याला ती नांदेडला नणंदेकडं गेली. नणंदेनं तिला ओळखीतल्या मुग्धाकडं नेलं, ती फिजिओथेरपिस्ट.

"दिवसभर काय करता?" मुग्धानं विचारलं.

"शिकवते."

"शिकवतं तोंड. हात काय करतो?"

खडू धरल्यासारखी चिमूट करून सौदामिनी भिंतीवर हृदयाचे कप्पे काढू लागली. टाचा उचलल्या गेल्या, खांदा कानाला भिडला, आणि कळ येऊन ती थांबली.

"एवढ्या वर कशाला काढता?"

"फळाच तिथं आहे."

"लावणारा काय ताडाएवढा होता?"

"नाही हो. आधी खाली प्लॅटफॉर्म होता..." म्हणता म्हणता तिनं आपल्या उचललेल्या टाचांकडं पाहिलं.

उन्हाळ्यात जागा पुरेना म्हणून फळ्याखालचा लाकडी प्लॅटफॉर्म काढून तिथं बाकांची आणखी एक रांग घातली होती. मागच्यांना दिसावा म्हणून फळा होता तिथंच ठेवला. तेव्हापासून ती चवड्यांवर उभी राहून लिहीत होती. आणि दोष दिला कुणाला, तर पाण्याला. अर्घ्य सोडल्याचंही तिनं मुग्धाला सांगितलं.

"पाणी द्यायला लागा," मुग्धा म्हणाली. "दुखेल तिथं थांबायचं, ओढायचं नाही. पण फळ्याचं बघा. नाहीतर मी कितीही शेकलं तरी व्यर्थ."

क्लासचे मालक दयानंद सर काही वाईट माणूस नव्हते. लातूरला परतल्यावर तिनं प्लॅटफॉर्मचं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ती रांग कुठं घालू? बापलोक हात जोडून राहिले जागेसाठी. अन् फळा खाली घेतला तर मागचे बोंबलतील."

"बरं सर," ती म्हणाली. वाद घालणं तिला कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती हात पोचेल तितकंच लिहू लागली, फळ्याच्या खालच्या पट्टीत.

"मॅडम, दिसंना," मागून आवाज आला.

"उठून बघा, बाळांनो. मला वर लिहिता येत नाही."

मागच्या रांगा उभ्या राहिल्या. उतरवून घ्यायला बसायच्या, बघायला परत उठायच्या.

"मॅडम, हे जीवशास्त्र हाय का पीटी?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तीही हसली.

हे असंच चालू असताना एकदा दयानंद सर दारात येऊन थांबले. "काय कवायत लावली?"

"सर, माझा हात इथवरच पोचतो."

सरांनी वरचा कोरा फळा पाहिला, मग उभी पोरं पाहिली. "रांग वाढवून बी पोरं उभीच, मग काय उपयोग," ते पुटपुटले. दिवाळीच्या सुट्टीत पुढची रांग निघाली. प्लॅटफॉर्म परत आला, आधीपेक्षा अरुंद. त्यावर जपून वळावं लागे, पण टाचा टेकत.

कार्तिकात एका सकाळी ती पुन्हा अंगणात उतरली. दोन्ही हातांत तांब्या घेऊन वर नेऊ लागली. छाती, गळा, हनुवटी. तिथं कळ आली.

"मी कोपर धरू का?" साखराबाई दारातून म्हणाल्या.

"नको आई. जोर लावायचा नाही म्हणालीय ती."

तिनं तिथूनच पाणी सोडलं. धार आखूड पडली. तांब्या रिकामा झाला तरी ती तशीच उभी राहिली. हात एवढाच वर येतोय सध्या, हे सांगायला समोर नाना असायला हवे होते.

"चहा गार होतोय," साखराबाई म्हणाल्या, पण आत जायची घाई त्यांनीही केली नाही.