वाघाच्या वर्षाची लानताई

अख्खा टेस्टिंग विभाग एका यंत्रापुढे हात जोडून उभा होता. यंत्र रुसू नये म्हणून त्यावर खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट, शेजारी उदबत्ती. सेन्सरची वायर जोडायची, तीन वेळा वाकायचं, मग बटण दाबायचं. पडदा उजळला, नाडीची रेघ धावू लागली आणि तैवानमधल्या शिंचूच्या त्या कारखान्यात चक्क टाळ्या पडल्या. म्हणे इंजिनिअर!

“बघितलंत?” साहेबांनी दिशा-मुहूर्त बघायला आणलेले ख्वो गुरुजी डोलत म्हणाले. “वाघाच्या वर्षी जन्मलेल्या माणसाचा हात या यंत्राला सोसत नाही.”

चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेली विभागात एकच, लानताई. रुग्णाच्या खाटेशी लावायचं हे यंत्र तिच्याच हाताखाली सर्वांत जास्त वेळा बंद पडे. गुरुजींच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांपूर्वी ही पूजा सुरू झाली आणि साहेबांनी बावीस वर्षं टेस्टिंग केलेल्या या बाईला खोकी बांधायला पाठवलं. आता महिनाअखेर घरीच बसवणार होते.

माझं डोकं सणकलं. “साहेब, हॉस्पिटलात नर्स वाकत बसणार का?”

“तू गप रे,” च्यू साहेब म्हणाले. “तीन आठवड्यांत एकदा तरी बंद पडलं का?”

मी लानताईला बोलावलं, पाकीट बाजूला केलं. “ताई, वायर जोडा. वाकू नका. वीस मोजा, मग बटण.”

यंत्र सुरू झालं. मग मी ते बंद केलं, वायर काढली, पाकीट परत ठेवलं. “गुरुजी, आता तुम्ही. वायर जोडली की लगेच बटण, नमस्कार मागाहून.”

पडदा काळाठिक्कर.

“दिशा चुकली,” गुरुजी पुटपुटले.

“मघाशी बरी सापडली होती!” लानताई म्हणाली.

जुन्या बिघाडांच्या नोंदी मी त्याच सकाळी पहिल्यांदा नीट वाचल्या होत्या. सेन्सरला जागं व्हायला सात सेकंद लागतात. ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि सेन्सरमधला मध्यस्थ प्रोग्राम, त्याचा पत्ता मागतो. घाई झाली की पत्त्याच्या जागी शून्य मिळतं. ते न तपासता ड्रायव्हर तिकडेच निघतो आणि सगळं यंत्र खड्ड्यात घालतो. तीन नमस्कारांत सात सेकंद सहज जातात. लानताईचा हात चपळ, एवढाच तिचा गुन्हा.

“मग तीन आठवडे मी खोकी कशापायी बांधली?” तिने विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर मलाच द्यायचं होतं, कारण ड्रायव्हर माझा होता. पत्ता शून्य असेल तर थांब, ही दोन ओळींची तपासणी मीच गाळली होती आणि नुसता गुरुजींवर चरफडत बसलो होतो. तसं सांगितलं. ती खुर्ची ओढून टेस्टिंगच्या आपल्या जुन्या जागेवर बसली.

बाबांनो, यंत्र पंचांग बघत नाही. ते बंद पडलं तर बिघाड त्याच्या आत शोधा, शेजारच्या बाईच्या जन्मसालात नको.