मत्रहचा उतारा

मस्कतच्या दारसैत भागातल्या त्या घरात संध्याकाळी नूतनचा वर्ग सुरू झाला, की कलावतीबाई स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायच्या. कुकरच्या शिट्टीचा सुनेच्या बाईंना त्रास नको. त्या बाई युरोपात, एस्टोनिया नावाच्या देशात बसून लॅपटॉपवर शिकवायच्या. तो देश कुठे आहे हे कलावतीबाईंना ठाऊक नव्हतं. पण तिथली मास्तरीण आपल्या सुनेला शिकवते, एवढ्यावरच त्यांची छाती फुगायची.

नूतन मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका बालवाडीत शिकवत होती. नवरा देवेश एसी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता, दिवसभर साइटवर असायचा. मुलगी पूर्वा दुसरीत. सासरे गेल्यावर लांज्याजवळच्या गावात आई एकटी पडली, म्हणून देवेशने तिला मस्कतला आणलं. आल्या आल्या कलावतीबाईंनी कुणी न सांगता स्वयंपाक हातात घेतला, मग पूर्वाचा डबा, तिची वेणी, कपड्यांच्या घड्या. नूतनचे हात मोकळे झाले तेव्हाच तिला वाटलं, आता आपण काहीतरी शिकावं. प्रौढ शिक्षणाचा वर्षभराचा कोर्स तिला मिळाला. बाहेरच्या देशांतल्यांना फी माफ होती.

मारित नावाची तिची शिक्षिका मोठ्या कळकळीने बोलायची. युरोपातल्या देशांनी ठरवलंय, की दर वर्षी शंभरातल्या साठ प्रौढांनी काही ना काही शिकावं. स्वीडनमध्ये शिकणारे पुष्कळ, बल्गेरिया-ग्रीसमध्ये मोजकेच. "पण आकडे फसवे असतात," मारित म्हणायची. "ज्यांचं शिक्षण आधीच झालंय तेच पुन्हा शिकायला येतात. ज्यांची शाळा लहानपणी सुटली, ते दारापर्यंतही पोचत नाहीत. तुमचं खरं काम त्यांच्याशी आहे."

म्हणूनच कोर्सच्या शेवटी प्रत्यक्ष काम होतं. शाळा सुटलेली एखादी व्यक्ती शोधायची, तिला दोन महिने शिकवायचं, आणि तिने अनोळखी मजकूर वाचल्याचा व्हिडिओ पाठवायचा. नूतनला शोधायला कुठे जावंच लागलं नाही. कलावतीबाई पहिलीत चार महिने गेल्या होत्या. मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी राहिल्या.

"मना जमंल काय गो?" त्यांनी विचारलं. पण विचारतानाच हात पदराला पुसून त्या खुर्ची ओढून बसल्या होत्या.

पहिले पंधरा दिवस छान गेले. क, म, ल, र आले. 'कमल' वाचलं तेव्हा कलावतीबाई स्वतःशीच हसल्या, कारण त्यांच्या बहिणीचं नाव तेच होतं. मग बालवाडीचं स्नेहसंमेलन आलं, पूर्वाला ताप आला, कोर्सचे निबंध साचले. "आज नको, उद्या बसू आई," असं नूतन म्हणायची, आणि त्या "बरा" म्हणून भाकरी थापायला उठायच्या. असे उद्या साचत गेले. व्हिडिओ पाठवायची तारीख तोंडावर आली तेव्हा कलावतीबाईंचं गाडं 'कमल'पाशीच अडलेलं होतं.

नूतनने एक उतारा लिहिला. शेजारच्या खुदेजाभाभींच्या नवऱ्याचं, हुसेनभाईंचं, बंदराजवळच्या मत्रहच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. कलावतीबाई एकदा तिकडे जाऊन आल्या होत्या आणि बंदरावर खूश झाल्या होत्या. म्हणून उताराही मत्रहचाच: 'मत्रहच्या बंदरात सकाळी होड्या येतात. माणसं ताजी मासळी घेऊन बाजारात जातात. ... समोर डोंगर आहे आणि पाणी निळं आहे.' असा दहा-बारा ओळींचा. नूतन वाचायची आणि कलावतीबाई मागून म्हणायच्या. ओव्या-गाणी तोंडपाठ असलेली ती बाई. दोन दिवसांत उतारा घडाघडा म्हणू लागली. कोणत्या शब्दाला बोट कुठे न्यायचं, तेही नूतनने बसवून घेतलं.

"असा पाठ करूनच शिकतात काय?" कलावतीबाईंनी मध्येच विचारलं.

"हो आई. आधी तोंडात बसतं, मग डोळ्यांत."

त्यांनी मान डोलावली. सून शिक्षिका, तिला कळत असणार. पूर्वाने मोबाइल धरला, कलावतीबाईंनी चष्मा लावला आणि ओळीखालून बोट फिरवत उतारा म्हटला. नूतनने व्हिडिओ पाठवून दिला. कोर्स संपला की आपण खरंच शिकवू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि त्या ठरवण्याने त्या रात्री तिला झोपही लागली.

पुढच्या आठवड्यात मारितने तो व्हिडिओ सगळ्या वर्गाला दाखवला. पोर्तुगालच्या, पोलंडच्या, केनियाच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. समारोपाच्या परिसंवादात नूतनने बोलावं असं ठरलं. नूतन स्क्रीनवर हसत राहिली. दाराआड कलावतीबाई कांदा चिरत होत्या, त्याचा आवाज तिला त्या दिवशी फार मोठा वाटला.

देवेशला आईचा अभिमान आवरेना. त्याने व्हिडिओ मस्कतच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्याला अडवायचं तर खरं सांगायला हवं होतं. नूतनने अडवलं नाही.

मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम रुवीतल्या एका हॉलमध्ये होता. मंडळाच्या मनालीने परस्पर कलावतीबाईंनाच फोन केला, "काकू, तुम्ही चार ओळी वाचा, लोकांना हुरूप येईल." त्या लगेच हो म्हणाल्या. नूतनला कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून आली. "आई, नको. उगाच दगदग," ती म्हणाली.

"दगदग कसली? चार ओळी वाचायच्या तर हायत."

मग नूतनने मत्रहचाच उतारा मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवला. निभेल, असं तिला वाटलं.

निभलं नाही. कलावतीबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून व्यासपीठावर गेल्या, पर्स उघडायच्या आतच मनालीने कौतुकाने पाहुण्यांची ओळख छापलेला एक कागद त्यांच्या हातात दिला. "काकू, हे घ्या, मोठ्या अक्षरांत छापलंय." कलावतीबाईंनी चष्मा लावला. कागद नीट धरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मत्रहच्या बंदरात सकाळी होड्या येतात."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागून कुणीतरी हसलं. कलावतीबाईंना वाटलं, मजकूर आवडला. त्या आणखी मोठ्याने म्हणू लागल्या. पाहुणे खाली मान घालून बसले होते. नूतन तिसऱ्या रांगेत होती. उठावं, वर जावं, काहीतरी म्हणावं, असं तिला वाटत राहिलं आणि ती बसूनच राहिली. "पाणी निळं आहे," इथे उतारा संपला. बोट मात्र कागदाच्या मध्यावरच होतं. मनालीने पटकन माइक घेतला, "काकूंनी मत्रहविषयी छान मनोगत सांगितलं," म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

गाडीत पूर्वाला राहवेना.

"आज्जी, त्या पेपरवर ते नव्हतं. तिथे त्या पाहुण्या अंकलचं नाव लिहिलेलं. मी वाचलं ना, तुझ्या मागच्या स्क्रीनवर पण सेमच होतं."

कलावतीबाईंनी पर्स उघडून आतला कागद चाचपला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी दुसराच बोलले?"

देवेशने आरशातून नूतनकडे पाहिलं. नूतनने मान वळवली.

"माजाच डोका जड," कलावतीबाई म्हणाल्या. "नूतननं एवढी मेहनत घेतली, आन् मना कागद बदलला ता पन कळला नाय."

एवढ्यावर तरी नूतनने तोंड उघडायला हवं होतं. तिने घरी जाऊन चहा केला.

पुढचे काही दिवस मात्र तिला घर खायला उठलं. कलावतीबाई सगळ्यांच्या आधी उठून तो मोठ्या अक्षरांतला उतारा घेऊन बसायच्या. एकेका शब्दावर बोट दाबून धरायच्या, डोळे मिटून म्हणायच्या, उघडून बघायच्या. पाठ केलेलं आता डोळ्यांत उतरेल, म्हणून वाट बघायच्या. सुनेने सांगितलं होतं ना तसं. नूतन आत आली की कागद लपवायच्या, अभ्यास न झालेल्या मुलासारख्या. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, पण मंडळाच्या बायकांच्या भिशीला जायचं त्यांनी सोडलं.

त्याच आठवड्यात मारितने वर्गात एक पाहणी दाखवली. मोठ्या वयाची माणसं शिकायला का येत नाहीत, याची कारणं. वेळ नाही, पैसा नाही, आत्मविश्वास नाही. आणि बायकांच्या बाबतीत वरचेवर येणारं कारण, घरची जबाबदारी. "कुणीतरी शिकत असतं तेव्हा त्याच्या वाटचं काम दुसरं कुणी करत असतं," मारित म्हणाली. "तुमच्या घरी ते कोण करतं?"

प्रत्येकाने आपापलं सांगितलं. नूतनची पाळी आली तेव्हा तिने नेट गेल्याचं निमित्त करून लॅपटॉप मिटला.

स्वयंपाकघरात कलावतीबाई बांगडे साफ करत होत्या.

"आई, तुमचं डोकं जड नाहीये," नूतन म्हणाली. "मी तुम्हाला शिकवलंच नाही."

"असा कसा? शिकवलास की."

"नाही. व्हिडिओसाठी पाठ करून घेतलं. पाठ करून वाचता येत नाही कुणालाच. मला माहीत होतं."

कलावतीबाईंचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"तवा पन म्हायत होता? मी थय वर उभी होते तवा?"

"हो."

"आन् तू खुर्चीत बसून ऱ्हायलीस."

माफी मागायचे शब्द नूतनने जुळवून आणले होते, ते सगळे आता पोकळ वाटले.

"लोक हसले, ता मना काय नाय," कलावतीबाई सावकाश म्हणाल्या. "पन रोज पाटं उटून मी तो कागद बघत होते, आन् तू पानी प्यायला येऊन, बघून जायचीस." त्यांनी नळ बंद केला, हात पुसले. "बांगडे तू कर."

त्या खोलीत गेल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी नूतनने मारितला फोन लावून सगळं सांगितलं. मारित चिडली नाही, पण समजूतही घातली नाही. व्हिडिओ काढून टाकला जाईल, परिसंवादात नूतन बोलणार नाही, आणि प्रमाणपत्र या वर्षी मिळणार नाही. पुढच्या वर्षी नवं काम केलं तर बघू.

"आणि त्या कशा आहेत?" तिने शेवटी विचारलं.

"माझ्याशी बोलत नाहीत."

"बरोबरच आहे त्यांचं," मारित म्हणाली.

देवेशला सांगितलं तेव्हा तो मात्र भडकला. "आता ग्रुपवर काय तोंड दाखवू? गप्प बसली असतीस तर विसरले असते लोक." तरी ग्रुपवर नूतनने स्वतःच लिहिलं, की आईंची काही चूक नव्हती, वाचता येतं असं खोटं मी दाखवलं. बऱ्याच जणांनी ते वाचलं. उत्तर कुणाचंच आलं नाही.

महिनाभराने तिने धीर करून विचारलं, "आई, पुन्हा सुरू करूया का? अगदी पहिल्यापासून."

कलावतीबाई पूर्वाची वेणी घालत होत्या. "तुज्याकडं नाय शिकायची मी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "खुदेजाकडं जाते. ती दाभोळच्या मराठी शाळेत सातवी झाली हाय. दुपार कलली, असरची नमाज झाली की तिला वेळ असतो. त्या टायमाला घरातला तू बघायचा."

"बघीन."

"रोज बघायचा."

"हो आई, रोज."

नूतनने पुढच्या वर्षीच्या कोर्सला नाव घातलं नाही. दुपारी बालवाडीतून आली की ती कणीक मळायची, भाजी निवडायची, पूर्वाचा गृहपाठ घ्यायची. पहिले काही दिवस तिची चिडचिड झाली. हे सगळं आपल्यासाठी रोज कुणीतरी मुकाट करत होतं, हे मग हातांना कळत गेलं, आणि चिडायलाही तोंड उरलं नाही.

एकदा खुदेजाभाभींचा डबा परत करायला ती शेजारी गेली. दार अर्धवट उघडं होतं. आतून सासूचा आवाज आला, अडखळत, एकेक अक्षर चाचपत. "द... दु... दुका..."

"पुढे बघा काकी, घाई नको," खुदेजाभाभी म्हणाल्या.

"दुकान. दुकाना... ता वर काय गो, टिंब?"

"हां. टिंब आलं की नाकातून."

"दुकानां... दुकानांत."

नूतन दारातच थांबली. आत जाऊन ऐकावं, शाब्बास म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण आपण आत गेलो तर तो आवाज थांबेल, हेही तिला ठाऊक होतं. तिने डबा उंबऱ्यापाशी ठेवला आणि आवाज न करता घरी येऊन आमटीला फोडणी दिली.

रात्री जेवताना कलावतीबाईंनी आमटीचा घास घेतला. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. नूतनने उठून मीठ आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि पूर्वाला भात कालवून द्यायला लागल्या.