धोंडूची भिकबाळी

धोंडू आईचं ऐकत नाही, ही सुभद्राबाईंची तक्रार लालबागच्या त्या अख्ख्या इमारतीला पाठ होती. डॉक्टरांचं ऐकतो, बायकोचं ऐकतो, पोरीचं ऐकतो, टीव्हीवरच्या बाबाचंसुद्धा ऐकतो. आई बोलली की मात्र याच्या कानात बोळे. आणि आता तर त्याने कहरच केला होता. औषधांनी डोक्यावरचे केस गळाले, कानांवर वाढवलेली झुलपं गेली आणि उजवा कान उघडा पडला. वरच्या कडेला नुसता एक ठिपका. बाळी नाही.

"कुठाय ती?"

"कपाटात आहे, आये."

"कधी काढलीस?"

धोंडूने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तपासणीच्या मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. गेल्या वर्षीच काढली त्यांनी, पक्कड लावून."

म्हणजे वर्षभर हा मेला केस वाढवून आईला फसवत होता!

धोंडूच्या आधीचे दोन मुलगे सुभद्राबाईंच्या पाळण्यातच गेले होते. तिसऱ्या खेपेला सासूने सांगितलं तसं त्यांनी केलं. पोराला दगडाचं नाव ठेवलं, चाळीत दारोदार पदर पसरला आणि त्या भिकेतून एवढीशी सोन्याची बाळी करून त्याच्या कानात वर घातली. बाई अशी, की शेजारणीकडे कधी विरजण मागितलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा पाणी पिऊन झोपली, पण कोणाच्या उंबऱ्याशी गेली नाही. जन्मात एकदाच हात पसरला, तो या पोरासाठी. आणि पोर जगलं. टायफॉईडमधून उठलं, पन्नाशी ओलांडून गेलं. आतड्यातली गाठसुद्धा आतड्यातच होती. बाळी निघाली आणि गाठ यकृतात पसरली. कोणी काही म्हणो, सुभद्राबाईंच्या मनात यात तिळमात्र शंका नव्हती.

"आजच्या आज घाल ती परत," त्या म्हणाल्या.

भोक बुजलं होतं. नाक्यावरच्या सोनाराने हात जोडले, वरचा कान आम्ही टोचत नाही, म्हणाला. मग धोंडूची मुलगी प्राची मध्ये पडली. तिच्या स्वतःच्या कानात वरपर्यंत तीन खडे.

"आजी, ही काय खालची पाळी आहे का? वरच्या कानाला रक्त कमी पोचतं. माझं भरायला वर्ष लागलं. रोज मिठाचं पाणी, हात लावायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. मी धडधाकट, तरी रडले. पप्पांच्या अंगात जखम भरायची ताकद तरी आहे का? डॉक्टर त्यांना ब्लेडने दाढी करू देत नाहीत."

"तुझ्या कानात झुंबरं चालतात, आणि बापाच्या कानात एक बाळी नाय चालत?"

"डॉक्टर नाही म्हणालेत, आजी."

"डॉक्टरने बरा केला काय गो त्याला?"



त्या दिवसापासून सुभद्राबाईंनी धोंडूशी बोलणं टाकलं. पेजेची वाटी त्याच्यापुढे सरकवायची आणि तोंड फिरवून बसायचं. धोंडू आधी हसला, मग चिडला, मग त्याने पेज टाकायला सुरुवात केली. आणि एका दुपारी घरात कोणी नाही बघून, टोपी चढवून, टॅक्सी करून तो एकटाच दादरला गेला. परत आला तेव्हा कानाच्या वरच्या कडेला धातूचा बारीक खिळा होता.

"टोचणाऱ्यांना आजार सांगितलात?" प्राची किंचाळली.

"टोपी काढलीच नाही," धोंडू म्हणाला. मग आईकडे वळून, शाळेतून बक्षीस आणल्यासारखा, "आधी हा ठेवायचा. भरलं, की मग आपली बाळी."

सुभद्राबाईंनी वाटी पुढे केली. "खा. गरम आहे."

पुढे त्या कानाची जी राखण झाली, ती कुठल्या देवाची झाली नसेल. पाणी उकळायचं, निववायचं, मीठ घालायचं. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. कान दाबला जाऊ नये म्हणून सुभद्राबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ केली आणि तिच्या मधल्या पोकळीत त्याचा कान ठेवून त्याला निजवायला लागल्या. प्राची सांगेल ते सगळं त्यांनी केलं. हळदसुद्धा लावली नाही.

तरी कान चढला. आधी लाल झाला, मग टरारून गुळगुळीत झाला, वरची घडीच दिसेना. ताप आला. परळच्या हॉस्पिटलात नेलं, तर पुढचा डोस थांबवला. कानाची कड आतून सडायला लागलीय, ती आता सरळ होणार नाही. पण तरुण डॉक्टरीणबाई कानाबद्दल फार बोललीच नाही. कानातलं विष सगळ्या अंगात गेलंय, म्हणाली. रक्तात लढायला काही उरलेलं नाही. डोस आता झेपणारच नाही. सुभद्राबाईंना अर्धं कळलं, आणि तेवढं पुरलं.

नर्स खिळा काढायला आली तेव्हा धोंडूने कानावर हात झाकून घेतला.

"राहू दे, सिस्टर. भरेल तो. आये, तू सांग ना यांना."

बाळी सुभद्राबाईंच्या कनवटीला होती. घरून निघताना त्यांनीच खोचून आणली होती. त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांनी धोंडूचा हात धरून बाजूला केला. पन्नाशीच्या बाप्याचा हात, पण चिंधीसारखा उचलला गेला. मग त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरून त्या नर्सला म्हणाल्या, "काढ."

खिळा निघाला. मागोमाग पू आला. धोंडू ओरडला नाही, नुसता आईच्या तोंडाकडे बघत राहिला, आता ही परत अबोला धरते की काय, अशा नजरेने.

"जन्मभर माझं ऐकलं नाहीस, म्हणून जगलास," सुभद्राबाई म्हणाल्या. "आणि ऐकलंस ते हे. तुझ्यासारखा मूर्ख माणूस मी बघितला नाय, धोंड्या."