हौशीचा पान्हा

मिरजगावच्या अलीकडे, नगर-सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, आसाराम आणि साळूबाईची वस्ती होती. लढाईचे दिवस होते. रस्त्यानं लष्कराच्या गाड्यांची रांग लागली की उडालेला फुफाटा पार त्यांच्या ज्वारीवर येऊन बसायचा. दोन्ही लेकी नांदायला गेल्या होत्या. घरात ही दोघं नवरा-बायको, गोठ्यात बैलजोडी, एक गाय आणि हौशी नावाची घोडी.

हौशीत तसं नाव घेण्यासारखं काही नव्हतं. बुटकी, भुऱ्या रंगाची गावठी घोडी. पण साळूबाईनं तिला शिंगरू असल्यापासून हातावर वाढवलं होतं. आसारामाला बाजाराला जायचं झालं तरी खोगीर साळूबाईलाच घालून द्यावं लागे. दुसरं कुणी जवळ गेलं की हौशी कान पाडायची आणि लाथ झाडायची.

चव्वेचाळीस सालच्या फाल्गुनात हौशी व्याली. मादी झाली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून आसारामानं तिला ठिपकी म्हणायला सुरुवात केली. आठवडाभरातच ती अंगणभर अशी उधळायला लागली की वाळत घातलेल्या कुरडयांची खाट साळूबाईला छपरावर न्यावी लागली.

अशात एका सकाळी वस्तीवर मोटार आली. सीना नदीच्या काठाला मुंबईच्या एका शेठनं घोड्यांचं फार्म काढलं होतं. शर्यतीचे घोडे तिथं जन्माला घालायचे, वाढवायचे आणि पुण्या-मुंबईला पळवायचे. मोटारीतून उतरले ते तिथले जनावरांचे डॉक्टर, शामकांत. तिशी ओलांडलेला, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्यांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. बोटीनं आणलेली एक विलायती घोडी विऊन दुसऱ्या दिवशी मेली होती. मागं राहिलेलं शिंगरू बाटलीला तोंड लावत नव्हतं. आसपास कुणाची ओली, दूध असलेली घोडी आहे का म्हणून ते गावोगाव विचारत फिरत होते.

आसारामाच्या मनात नव्हतं. मोठ्या लोकांच्या भानगडीत आपलं जनावर कशाला, असं तो म्हणाला. पण साळूबाईचं तसं नव्हतं. ती जन्मली तेव्हाच तिची आई गेली होती. शेजारच्या बनुबाईनं आपल्या लेकराबरोबर तिला पाजलं होतं, एका अंगाला तिचं, एका अंगाला ही. दोघंही जगली. त्यामुळं एका आईच्या दुधावर दोन लेकरं वाढतात, यात साळूबाईला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तिनंच नवऱ्याची समजूत घातली आणि डॉक्टरांना सांगितलं, "येते मी घोडीला घिऊन. पर ठिपकी बी संगं येईल. दोगं बी पितील."

डॉक्टर हो म्हणाले.

फार्मवर साळूबाईनं ते शिंगरू पाहिलं. काळंभोर, काटकुळं, नुसते पायच पाय. गवतावर मान टाकून पडलेलं. तिनं त्याला उठवून हौशीच्या कासेशी नेलं, तर हौशीनं दात विचकले. मग साळूबाईनं आपल्या पदरानं ठिपकीचं अंग खसाखसा पुसलं आणि तोच पदर त्या काळ्याच्या अंगावरून, तोंडावरून, शेपटाखालून फिरवला. हौशीनं हुंगलं, फुरफुरली, पुन्हा हुंगलं. साळूबाई तिची मान खाजवत, तिच्याशी बोलत उभी राहिली. बऱ्याच वेळानं हौशीचे कान ढिले पडले आणि तिनं पान्हा सोडला. काळा ढुसण्या देत प्यायला लागला, तेव्हा घोडे राखणाऱ्या मोतद्दारांनी सुस्कारे टाकले. साळूबाईनं त्याचं नाव पाहुणा ठेवलं. फार्मच्या दफ्तरी त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते तिला कधीच उच्चारता आलं नाही.

दोन दिवस सुखाचे गेले. मग डॉक्टर येऊन तिच्याशेजारी बसले. गावठी घोडीचं दूध ते केवढं, दोघांना पुरत नाही, पाहुणा हवा तसा भरत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुंबईहून शेठचा निरोप होता की सगळं दूध त्यालाच मिळालं पाहिजे. ठिपकीला घरी न्यावं, गाईच्या दुधावर वाढवावं. कसं पाजायचं तेही त्यांनी नीट समजावलं.

"जगंल का ती तशी?" साळूबाईनं विचारलं.

"नीट पाजलं तर जगतात," ते म्हणाले. म्हणताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते तिला तेव्हा जाणवलं नाही, पुढं जाणवलं.

साळूबाईला हौशीजवळ राहणं भाग होतं. म्हणून आसाराम बैलगाडी घेऊन आला आणि चारी पाय बांधून ठिपकीला घेऊन गेला. गाडी नजरेआड झाली तरी हौशी खिंकाळत राहिली. तीन दिवस तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. पाहुणा पीत होता तेवढा वेळ मात्र ती हलायची नाही.

आसाराम बाजारच्या दिवशी भेटायला यायचा, भाकरी-कालवण आणायचा. ठिपकी कशी आहे विचारलं की म्हणायचा, बरी हाय, हुंदडती. साळूबाईला बरं वाटायचं. इकडं पाहुण्याच्या अंगावर चकाकी आली होती. तो तिच्या मागं मागं फिरायचा, तिच्या अंबाड्यात नाक खुपसायचा, ती रागावली की चार पावलं पळून पुन्हा यायचा. या पोरावर आपला जीव जडलाय हे तिचं तिलाही कळत होतं.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सणाला, ती घरी गेली. गावाकडं निघालेल्या एका गाडीत बसून, ठिपकीसाठी फार्मवरची मूठभर चंदी, घोड्यांचा हरभरा, पदरात बांधून. अंगणात पाय ठेवला आणि तिला खुंटा दिसला. खुंट्याला दावं नव्हतं. कुरडयांची खाट अंगणातच होती, निर्धास्त.

आसाराम ओट्यावर बसला होता. तो उठला नाही.

"कवा?" तिनं विचारलं.

"नेल्यावर चौथ्या की पाचव्या रोजी. हगवन लागली. गाईचं दूध, पानी घालून, समदं केलं. न्हाई तगली." मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू घोडीला सोडवून आनली असतीस. मग ते बी गेलं असतं. एक तर गेलंच हुतं."

साळूबाई त्याच्यावर चिडली नाही. चिडायला जागाच नव्हती. दर आठवड्याला भाकरी पुढं ठेवताना त्यानं हे पोटात दाबून धरलं होतं, हे तिला त्याच्या उतरलेल्या तोंडावर दिसत होतं. तिनं पदरातली चंदी बैलांपुढं टाकली आणि सणाचा स्वयंपाक केला. दोघांनी चार घास खाल्ले. परतल्यावर फार्मवर पाहुणा धावत आला, तेव्हा पहिल्यांदा तिनं त्याला हातानं लोटलं. तो गेला नाही. तिथंच उभा राहून तिच्या दंडाला नाक घासत राहिला. मग तिनं त्याच्या मानेला मिठी मारली आणि ठिपकीसाठी रडायचं ते त्याच्या आयाळीत रडून घेतलं.

दिवाळीच्या सुमाराला पाहुण्याला हौशीपासून तोडलं आणि हौशी घरी आली. साळूबाई मात्र फार्मवर गवत कापायच्या कामाला राहिली, त्याच्यासाठीच. तो दीड वर्षाचा झाला आणि त्याच्या पाठीवर माणूस बसवायला लागले. सकाळच्या गारव्यात त्याला पळताना पाहिलं की कापलेलं गवत हातातच राहायचं, इतका तो देखणा पळायचा. पण पळून आल्यावर तो पुढचे पाय अवघडून टाकायचा. मोतद्दार गहिनीनाथ पायाच्या नळ्यांवर चिखलाचा लेप द्यायचा. डॉक्टर रोज हात फिरवून बघायचे आणि न बोलता निघून जायचे.

सेहेचाळीस सालच्या पावसाळ्यात त्याला पुण्याला नेलं. पहिल्याच शर्यतीत तो जिंकला. शेठनं फार्मवर पेढे पाठवले. साळूबाईनं आपला पेढा घरी नेला, कुस्करून हौशीला खाऊ घातला आणि तिच्या कानात सांगितलं, तुझा पाहुना पयला आला.

महिना गेला असेल. डॉक्टर पुण्याहून परतले, ते बंगल्यावर न जाता सरळ गवताच्या रानात आले. अंगावर प्रवासाचे कपडे तसेच होते. बायका बाजूला झाल्या. ते बांधावर टेकले आणि तिलाही बसायला सांगितलं. शेवटच्या वळणावर पाहुण्याचा पुढचा पाय मोडला होता. तरी तीन पायांवर तो बाकीच्यांच्या मागं पळत राहिला, कुणी धरेपर्यंत. मग लोकांना दिसू नये म्हणून चारी बाजूंनी कापडाची कनात धरली आणि आत गोळी घातली.

"कुनी घातली?"

"मी."

साळूबाईनं विळा खाली ठेवला. गोळी घातली नसती तर जगला असता का, हे तिनं विचारलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं. "त्ये पाय अवगडून टाकायचं. हाडं कच्ची हुती त्याची?"

"होती. दोन वर्षांच्या घोड्याची हाडं भरलेली नसतात. निदान आणखी एक वर्ष थांबायला हवं होतं."

"तुमाला ठावं हुतं?"

"होतं. शेठना सांगितलं होतं, एकदा. ते म्हणाले, सगळेच पळवतात." त्यांनी बांधावरची एक काडी मोडली. "पुन्हा नाही सांगितलं."

"आन ठिपकीचं?"

त्यांना आधी नाव कळलं नाही. मग कळलं. "तेही ठाऊक होतं, साळूबाई. आईवेगळी केलेली फार थोडी जगतात."

ती उठली, विळा घेतला आणि घरी गेली. फार्मवर पुन्हा कामाला गेली नाही. घरी आल्यावर तिनं आसारामाला काय झालं ते सांगितलं. तो फक्त म्हणाला की हौशी पुन्हा गाभण आहे, तिच्याकडं बघायला हवं.

पुढच्या माघात हौशीला खोंडासारखं दांडगं नर शिंगरू झालं. साळूबाईनं त्याला नाव ठेवलं नाही. त्याला डोळ्याआड मात्र ती होऊ देत नव्हती.

आणि महिन्याच्या आतच मोटार पुन्हा आली. डॉक्टर शामकांत दारात उभे राहिले, पण आत आले नाहीत. फार्मवर एक घोडी विऊन आजारी पडली होती, तिला दूधच नव्हतं. शिंगरू दोन दिवसांचं होतं. आपण कुठल्या तोंडानं आलो आहोत ते आपल्याला कळतं, असं ते म्हणाले. पण जवळपास ओली घोडी दुसरी नव्हती.

साळूबाईनं सांगितलं, शिंगराला हितं आना. माझ्या दारात दोगं बी पितील. आन ते माघारी शर्यतीला जायाचं न्हाई.

शेठ हे ऐकणार नाहीत, असं ते म्हणाले. मग हौशी बी यायची न्हाई, असं ती म्हणाली. डॉक्टर थोडा वेळ हौशीकडं आणि तिच्या पिणाऱ्या पोराकडं बघत राहिले आणि मग निघून गेले.

तो दिवस साळूबाईनं कसातरी काढला. दळायला बसली तर जात्यात तेच, पाण्याला गेली तर विहिरीत तेच. काटकुळे पाय, गवतावर टाकलेली मान. शर्यती लावणारे शेठ मुंबईत होते, आणि उपाशी कोण होतं? शेठचा राग आपण कुणावर काढला, हे तिला उमगत गेलं आणि तिच्यानं राहवेना. सकाळी दिसायला लागल्याबरोबर तिनं हौशीचं दावं सोडलं. आसारामाला म्हणाली, "दोगांना बी घिऊन चालले. फाटकाबाहीर उभी ऱ्हाईन. त्येनला पाजायचं आसंल तर आनतील भाईर. ह्याला मातुर तोडू द्यायची न्हाई."

"मी येतो," आसाराम म्हणाला, आणि पटका बांधत मागून निघाला.

शिंगराच्या चालीनं चालायचं म्हणजे वेळ लागतो. उन्हं वर आली तेव्हा ती फाटकाशी पोचली. गहिनीनाथ बाहेर आला. त्यानं हौशीला ओळखलं, तिच्या मागच्या शिंगराला पाहिलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"पहाटं गेलं, मावशी," तो म्हणाला. "आता मातीच देऊन आलो."

आतून डॉक्टर आले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या, हातांना ओली माती होती. माती द्यायला तेही गेले होते. त्यांनी तिला सावलीत बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"कालच आले आसते तर वाचलं आसतं का, डॉक्टरसायब?" तिनं विचारलं. "खरं सांगा. ह्या टायमाला तरी."

ते खोटं बोलू शकले असते. तिच्या मागं उभा आसाराम डोळ्यांनी त्यांना तेच विनवत होता. पण तिनं खरं मागितलं होतं.

"वाचलं असतं," ते म्हणाले.

साळूबाईनं मान हलवली. पाणी तिनं घेतलं नाही. हौशीचं दावं हातात गुंडाळलं आणि आल्या वाटेनं वळली. आसारामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं ठेवू दिला. थोडं अंतर गेल्यावर शिंगराला भूक लागली. ते हौशीच्या आडवं येऊन कासेला लागलं. हौशी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून एक लष्करी गाडी आली, भोंगा वाजवून वळसा घालून गेली आणि सगळ्यांच्या अंगावर फुफाटा उडाला. साळूबाई दावं धरून, डोळे मिटून उभी होती. शिंगराच्या पिण्याचा आवाज तिला ऐकू येत होता. त्याचं पिऊन होईपर्यंत ती तशीच उन्हात उभी राहिली.