कोंबडीचे दात

साहेबरावांनी उभं आयुष्य भोकरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात काढलं. चारचौघांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण गावाला अर्ज लिहायचा झाला की त्यांचंच दार.

गावच्या आरोग्य उपकेंद्राला चार महिने कुलूप होतं. नर्स बदलून गेली, दुसरी आलीच नाही. नागुबाईची सून महामाया आठव्या महिन्यात. पाय सुजलेले, आणि तपासणीला दर वेळी भरल्या जीपमधून भोकर गाठायचं. म्हणून नागुबाईनं साहेबरावांना गळ घातली, "भाऊ, असा अर्ज लिवा की वरचा साहेब खुर्चीतून उठला पाह्यजे."

साहेबरावांनी तो इंग्रजीत लिहिला. त्यात एक वाक्य घातलं, की आमच्याकडे नर्स म्हणजे 'ॲज रेअर ॲज हेन्स टीथ'. कोंबडीला दात नसतात, तशी टंचाई.

पंधरा दिवसांनी उपकेंद्रापुढं सरकारी जीप थांबली. बायका धावल्या. महामाया फाइल छातीशी धरून, भिंतीचा आधार घेत आली. लशींची बर्फाची पेटी घेऊन बसवराज नावाचा तरुण डॉक्टर उतरला.

"कोंबड्या कुठं हायत?"

"कोंबड्या?"

"मी जनावरांचा डॉक्टर. अर्जात कोंबड्यांच्या दातांची तक्रार हाय म्हणून वरून पाठवलं. मलाबी नवलच वाटलं बघा."

बायका खो खो हसल्या. महामाया मात्र मटकन पायरीवर बसली.

"कचेरीत समदी येडी भरलीत!" नागुबाई कडाडली. "आमच्या भाऊंनी नर्स मागितली, अन् ह्यांनी कोंबड्या वाचल्या. पुस्तकांत केस पांढरे केलेला माणूस हाय त्यो!"

साहेबराव मागं उभे होते. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण नागुबाई आपली बाजू घेऊन भांडतेय, हे त्यांना सोसेना.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "कोंबडी मीच घातली अर्जात."

"कशापायी?"

"साहेबांनी लवकर ऐकावं म्हणून..." ते अडखळले. हे खरं नव्हतं. "ते वाक्य एका पुस्तकात वाचलं होतं. कित्येक वर्षं कुठंतरी वापरावं असं वाटत होतं."

हसणं थांबलं. महामायेनं सुजलेले पाय साडीखाली ओढून घेतले.

नागुबाई सुनेशेजारी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "कागद काढा. म्या सांगते तसंच लिवा. पदरचा एक शब्द घालू नका."

"सांगा."

"आमच्या गावात नर्स औषधालाबी न्हाई."

हे बोलणं ते जन्मभर ऐकत आले होते. अर्ज लिहिताना एकदाही सुचलं नव्हतं. लिहिता लिहिता त्यांचे कान तापले.

बसवराजनं जीपचं दार उघडलं. "चला ताई, भोकरला सोडतो." महामाया लशींच्या पेटीशेजारी अंग चोरून बसली.

"आजोबा, अर्ज आजच धाडा बरं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. साहेबरावांनी मान हलवली. पण जीप वळून जाईपर्यंत मान वर केली नाही.