बुजलेली नळी

मी एक जुना रिअ‍ॅक्टर आहे, मित्रांनो. दोन माणसांएवढा उंच प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी कसा होतो ते कळेल. आता माझी सगळी जोडणी तोडून टाकली आहे. इंडोनेशियातल्या ग्रेसिक गावच्या एका कारखान्यामागे, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात मी आडवा पडलो आहे.

माझ्या पोटात झिओलाइटचे स्फटिक तयार होत. वरून पाहिलं तर नुसती पांढरी भुकटी. पण तिच्या कणाकणात इतकी बारीक भोकं असतात की तेलातले निरनिराळे घटक त्यातून चाळले जातात. म्हणून तेलशुद्धीचे कारखाने ती जहाजं भरून मागवत.

हे काम घाईचं नव्हतं. सिलिकाचा द्राव, अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आणि कॉस्टिक सोडा एकत्र ढवळला की खळीसारखा लगदा होई. त्यात भोकांना साचा देणारं एक रसायन पडे. लगदा काही काळ निवांत ठेवायचा, मागच्या खेपेतले थोडे स्फटिक विरजणासारखे घालायचे, झाकण आवळायचं आणि दाबाखाली दिवसचे दिवस तापवायचं. मग गाळायचं, धुवायचं आणि भट्टीत भाजायचं. भाजताना साच्याचं रसायन जळून जाई आणि भोकं मोकळी होत.

हे सगळं बसवलं होतं बू सेकार यांनी. बू म्हणजे बाई. त्या कारखान्याच्या रसायनतज्ज्ञ. खेप उतरली की त्या सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि मला चालवणाऱ्या मर्झुकीला हाक मारत, "ये, बघ तुझी पोरं!"

मर्झुकी मला आजोबा म्हणे. केळीच्या पानातला नासी क्रावू, म्हणजे मांस घातलेला भात, माझ्याच सावलीत बसून खाई. "आजोबा, माझी बायकोसुद्धा इतकी गुरगुरत नाही हो," असं म्हणून स्वतःच हसे. ती माझी सुखाची वर्षं होती.

पुढे मालक बदलले. नवे व्यवस्थापक पाक गुनार्दी, म्हणजे गुनार्दीसाहेब, आले, आणि खेपेमागून खेप चढू लागली. स्फटिक काही फक्त लगद्यातच धरत नाहीत, ते माझ्या भिंतींवरही धरतात. जास्तीचा दाब बाहेर सोडणारी माझी नळी ठरावीक काळाने साफ करावी लागे. त्यासाठी मला थंड करणं आलं. पाक गुनार्दींनी तेच बंद केलं.

"नळी साफ झाल्याशिवाय पुढची खेप चढवू नका," बू सेकार त्यांना म्हणाल्या.

"तुमचं आपलं एकच, धुवा नि पुसा! काटा बघा की. दाब जागेवर आहे."

"काटा त्याच नळीवर बसवलाय. नळी बुजली तर तो खरं कसं सांगेल?"

"जहाज बंदरात लागलंय, बू. ते तुमच्यासाठी ताटकळत बसणार आहे का?"

बू सेकार तडक सुराबाया शहरात मालकांकडे निघाल्या. त्या वाटेत असतानाच खेप चढली.

दुपारी माझ्या झाकणाच्या कडेतून पांढरा ओघळ आला. मर्झुकी धावत गेला. "पाक, आजोबांच्या तोंडातून लाळ गळतेय. वाफ बंद करू?"

"बंद केलीस तर अख्खी खेप वाया! पाना घे आणि बोल्ट आवळ."

"दाब असताना?"

"काटा दिसतो ना तुला? भित्रा कुठला! आण तो पाना इकडे, मीच आवळतो."

मर्झुकीने पाना दिला नाही. तो स्वतःच शिडी चढला. त्याने पहिल्या बोल्टला पाना लावला. माझ्या आत दाब काट्यापेक्षा कितीतरी जास्त होता, पण मला ओरडता येत नव्हतं. झाकणाची फट बंद ठेवणारं गॅस्केट फाटलं आणि उकळता लगदा त्याच्या तोंडावर उडाला.

तो चाचपडत संकटकाळच्या शॉवरखाली गेला. साखळी ओढली. पाणी आलं नाही. ती वाहिनी भुकटी धुण्याकडे वळवलेली होती. सोबत्यांनी पिण्याच्या पाण्याचे कॅन त्याच्यावर ओतले. पण कॉस्टिक थांबत नाही, मित्रांनो. मर्झुकीचे दोन्ही डोळे गेले.

चौकशी झाली. "त्याने न विचारता बोल्ट आवळले," पाक गुनार्दी म्हणाले. दाब सोडणाऱ्या माझ्या नळीवर नवाकोरा व्हॉल्व्ह चढवून तो अधिकाऱ्यांना दाखवण्यात आला. बू सेकार पुढे आल्या.

"व्हॉल्व्ह परवा बसवलाय, साहेब. त्यामागची नळी कापा."

"बू, नोकरीचा विचार करा," पाक गुनार्दी हळूच म्हणाले.

"केलाय. कापा, साहेब."

नळी कापली. आत केसभरसुद्धा फट नव्हती, नुसता पांढरा दगड. मर्झुकीवरचा ठपका पुसला गेला, त्याला भरपाई मिळाली. पाक गुनार्दींवर खटला चालू आहे. बू सेकारांना मात्र त्याच महिन्यात घरी बसवलं गेलं.

नंतर एकदा बू सेकार मर्झुकीला घेऊन माझ्यापाशी आल्या. त्याने नळीच्या कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं आणि नखाने एक खडा खरवडून काढला.

"कसे झालेत हे स्फटिक?"

"चांगले झालेत, मर्झुकी. अगदी चोख."

"मग नळीत कशाला गेले?"

त्याने खडा गवतात टाकून दिला आणि हात पुढे केला. त्याला धरून बू सेकार फाटकाकडे निघाल्या.

मित्रांनो, मला रंग लावा, माझा गंज काढा, असं मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, वितळून पुन्हा काहीतरी होईन. पण उद्या तुमच्या हाती एखादं यंत्र आलं आणि ते गळू लागलं, तर आधी ते थांबवा, कुणी कितीही हिणवलं तरी. त्या दुपारचं जहाज गेलं, त्यानंतर कितीतरी जहाजं आली. मर्झुकी अजून भिंत धरून चालतो.