उरलेल्या पानांवरचं स्पॅनिश

मित्रांनो, मी एक जुनी, दोनशे पानी वही आहे. कानडी मुलखातल्या चिकपेट बाजारात एका घाऊक दुकानात डझनभर बहिणींसोबत दोरीने बांधलेली पडून होते. तिथून संहिताने मला हेब्बाळच्या घरी आणले आणि माझ्यात स्पॅनिश लिहायला घेतले. डावीकडे शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. अक्षर कसे मोत्यासारखे! मी जरा फुशारलेच.

मग ती तिकडच्या उन्हाळी वर्गासाठी सहा आठवडे स्पेनला निघाली. त्या वर्गाचा नियम कडक होता. सहा आठवडे स्पॅनिशखेरीज एक शब्द बोलायचा नाही, घरच्यांशीसुद्धा. तिथे नवी वही मिळणार होती, म्हणून मी टेबलावरच राहिले. राग आला, खोटे कशाला बोलू?

"अण्णा, सहा आठवडे फोन नको हं. मराठी कानावर पडलं की सगळं विसरेन मी. सरी? चालेल ना?" ती वडिलांना म्हणाली.

"सरी," भीमाचार्य म्हणाले. "पण शेवटच्या दिवशी मीच फोन करणार. तोही स्पॅनिशमध्ये!"

ती हसली. अण्णा मात्र हसण्यावारी नेणारे नव्हते. रोज पूजा आटोपली की ते मला उघडत, तिचे शब्द मोठ्याने घोकत आणि माझ्या कोऱ्या पानांवर देवनागरीत गिरवत. ते उच्चार ऐकून संहिताची आई वसुमतीबाई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

चौथ्या आठवड्यात अण्णांच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात जाताना त्यांनी मलाही पिशवीत घेतले.

"पोरीला कळवते हो," वसुमतीबाई रडत म्हणाल्या.

"स्वल्प, जरा थांब. चातुर्मास लागलाय, व्रत म्हणून मी महिनाभर भाजीला शिवणार नाही. तिचंही ते व्रतच. आपणच मोडायला लावायचं होय?"

वसुमतीबाईंनी फोन खाली ठेवला. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

त्या दिवसापासून अण्णा एकच वाक्य लिहीत राहिले. ओळी वाकड्या होत गेल्या. पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी पेन माझ्या पानावर तसेच राहिले आणि अण्णा गेले.

संहिता पोहोचली तेव्हा सगळे आटोपले होते. तिने मला उघडले. 'एस्तोय ब्येन, इहा.' पानामागून पान तेच.

"काय लिहिलंय गं त्यांनी?" वसुमतीबाईंनी विचारले.

"'मी बरा आहे, बाळ.'" तिने वाकड्या ओळींवरून बोट फिरवले. "एकही चूक नाही, आई." आणि मला छातीशी धरून ती मराठीत हंबरडा फोडून रडली, "मी नियम मोडला असता हो अण्णा! एकदा विचारायचं तरी!"

मित्रांनो, मला रद्दीत घातले तरी माझी तक्रार नाही. वह्या पुष्कळ मिळतात. पण आपले माणूस आजारी असेल, तर कुठलाही नियम मोडून लांबच्यांना हाक मारा. माझी अकरा पाने अजून कोरी आहेत. संहिता त्यांवर काहीच लिहीत नाही.